‘खाल्लीस’मधला स आणि ‘ईट्स’मधला एस

शेजारचा सातवीतला मुलगा संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे येतो. परवा वहीत पाच वाक्यं होती आणि पाचही ठिकाणी एकच चूक. ‘ही गो’, ‘शी ईट’, ‘माय फादर वर्क’. मी लाल पेनाने पाच वेळा एस लिहिला. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण दारात येऊन उभी राहिली. वहीतून मान वर न काढता त्याने तिला विचारलं, “माझी पोळी तू खाल्लीस ना?”

मी पेन खाली ठेवलं. ‘खाल्लीस’ हा शब्द नीट उलगडून पाहा. ‘खाल्ल’ एवढ्या भागात क्रिया होऊन गेल्याचं कळतं. पुढची ‘ई’ पोळीची, म्हणजे खाल्ली गेलेली वस्तू स्त्रीलिंगी आणि एकच. शेवटचा ‘स’ समोरच्या बहिणीचा, म्हणजे ‘तू’चा. तिने लाडू खाल्ला असता तर हाच मुलगा ‘खाल्लास’ म्हणाला असता, चार लाडू खाल्ले असते तर ‘खाल्लेस’. आजीवर संशय असता तर ‘खाल्लेत’. कोणी खाल्लं, काय खाल्लं, किती खाल्लं आणि कधी खाल्लं, हे सगळं एका शब्दात, तेही क्षणभर न थांबता. व्याकरणाच्या पुस्तकांत या रचनेला कर्तृ-कर्म संकर असं भारदस्त नाव आहे, कारण क्रियापद एकाच वेळी कर्त्याचंही ऐकतं आणि कर्माचंही. त्या मुलाने हे नाव ऐकलेलं नाही. त्याला त्याची गरजही पडली नाही.

मग इतकं पेलणाऱ्या पोराला इंग्रजीचा एक एस का पेलू नये? संगमनेर आणि अकोले तालुक्यांतल्या मुलांना इंग्रजी शिकवता शिकवता हा प्रश्न माझ्यापुढे इतक्या वेळा आला, की भाषाशास्त्रात याबद्दल काय काय म्हटलं गेलंय ते गोळा करायला लागलो. त्याचा हा आढावा.

आधी नुसती मोजदाद करू. इंग्रजीतल्या साध्या क्रियापदाची रूपं चार: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. ‘राइट’सारख्या अनियमित क्रियापदाची पाच, कारण तिथे ‘रोट’ आणि ‘रिटन’ वेगळे पडतात. ‘पुट’ची तीनच. सगळ्यांत श्रीमंत ‘बी’, त्याची आठ: बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग. इंग्रजीचं क्रियापदाचं घर एवढंच. भविष्यकाळासाठी वेगळं रूपच नाही, तिथे ‘विल’ला बोलावावं लागतं. म्हणून गाइडमध्ये बारा काळांचा तक्ता असला, तरी भाषाशास्त्रज्ञ रूपाच्या हिशेबाने इंग्रजीत दोनच काळ मानतात, भूत आणि अभूत.

आता आपलं ‘येणे’ घ्या आणि त्याचाही फक्त साधा भूतकाळ. आलो, आले, आलास, आलीस, आलेस, आला, आली, आलात, आल्या. लिहिताना किमान नऊ रूपं होतात, बोलताना ‘आलं’ वेगळं ऐकू येतं ते आणखी वेगळं. या सगळ्यांसमोर इंग्रजीत एक ‘केम’ उभा. नंतर ‘येतो, येते, येतोस’, ‘येईन, येशील’, ‘यावा, यावी, यावं’, ‘येई’, ‘यायचा’ अशा रांगा लागतात त्या सोडूनच देऊ.

आठवीत संस्कृत घेतलेल्यांना ‘गच्छति, गच्छतः, गच्छन्ति’ आठवत असेल. तीन पुरुष, तीन वचनं, दहा लकार आणि त्यावर परस्मैपद-आत्मनेपदाची जोडी. दहा गुणिले नऊ गुणिले दोन म्हणजे 180 घरं झाली. प्रत्येक धातू ती सगळी घरं भरतो असं नाही, पण आराखडा एवढा मोठा. स्पॅनिशमध्ये एका क्रियापदाची पन्नासेक रूपं पाठ करावी लागतात. रशियातल्या दागेस्तानात आर्ची नावाची भाषा आहे, डोंगरातल्या हजार-बाराशे माणसांची. अलेक्सांद्र किब्रिक यांनी तिथे हिशेब केला, तर एका धातूपासून तत्त्वतः 15,02,839 रूपं तयार होऊ शकतात असं निघालं. दुसऱ्या टोकाला चिनी. तिथे क्रियापद कधीच बदलत नाही, काम पुरं झालं हे सांगायला ‘ले’ एवढं अक्षर मागे जोडायचं आणि बाकीचं काल, उद्या अशा शब्दांवर सोपवायचं. या दोन टोकांच्या मध्ये इंग्रजी पुष्कळच चिनीकडे झुकलेली आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. संगमनेरात पद्मशाली समाजाची कितीतरी घरं आहेत. पिढ्यानपिढ्या विड्या वळणाऱ्या बायकांचे हात सुपात चालत असतात आणि तोंडाने तेलुगू. ‘मी आलो’साठी त्या ‘वच्चानु’ म्हणतात, ‘तो आला’साठी ‘वच्चाडु’ आणि ‘ती आली’ व ‘ते आलं’ या दोन्हींसाठी ‘वच्चिंदि’. आपल्या तीन लिंगांची तिथे दोन झाली, पण पुरुषवाचक शेपूट सगळीकडे आहे. शिवाय नकारही धातूतच भरलेला असतो: ‘रानु’ म्हणजे ‘मी यायची नाही’, एका शब्दात. याच कुटुंबातल्या तमिळमध्ये ‘वंदेन, वंदान, वंदाळ’ असा भेद जिवंत आहे, तर सख्ख्या बहिणीसारख्या मल्याळममध्ये मी आलो, तो आला, ते आले या सगळ्यांना एकच ‘वन्नु’. एकाच घरातल्या दोन भाषा, शेजारची राज्यं, आणि एकीने सगळी शेपटं ठेवली, दुसरीने सगळी झाडून टाकली. तेव्हा क्रियापदाचा पसारा पाहून भाषेची योग्यता ठरवता येत नाही. मल्याळमचं साहित्य कमी कसदार आहे असं कोण म्हणेल?

तरी एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी योग्यता ठरवलीच. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताला प्रत्ययांची झीज म्हणजे भाषेचा ऱ्हास वाटे. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत जिथे ‘हबैदेदैमा’ असं लांबलचक क्रियारूप होतं, तिथे इंग्रजीत नुसतं ‘हॅड’ उरलं. श्लायखरला ही नदीच्या पात्रात गडगडत जाऊन हातपाय झिजलेल्या पुतळ्याची अवस्था वाटली. त्याच्यानंतर डेन्मार्कचा ओटो येस्पर्सन उठला. 1894 सालच्या पुस्तकात त्याने हीच झीज प्रगती म्हणून मांडली. एवढंसं ‘हॅड’ सगळं काम भागवतं, मग लांब रूपाचा भार कशाला वाहायचा, असं त्याचं म्हणणं. मला दोघांचंही पटत नाही. प्रवरेच्या पात्रातला गोटा गुळगुळीत झाला म्हणून त्याचं वजन नाहीसं होत नाही. झिजलेलं कुठेतरी वाहून गेलेलं असतं, आणि इंग्रजीत ते कुठे गेलं हाच या सगळ्याचा गाभा आहे.

त्याआधी ते झिजलं कसं, ते पाहू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मी, तू, तो यांना वेगळी रूपं होती. तृतीय पुरुषी एकवचनाला ‘-एथ’ लागे. हा ‘थ’ आणि संस्कृतातल्या ‘गच्छति’चा ‘ति’ एकाच मूळ प्रत्ययाची लेकरं. ‘तू’साठी ‘-स्ट’ होता, तो संस्कृतातल्या ‘गच्छसि’च्या ‘सि’चा भाऊबंद, आणि आपल्या ‘खाल्लीस’मधल्या ‘स’चाही. त्या काळाच्या आसपास उत्तर आणि पूर्व इंग्लंडात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक येऊन वसले. दोन्हींकडची मुळं सारखी, शेपटं वेगळी. बाजारात आणि घरात एकमेकांशी बोलताना शेपटं गळायला लागली. ‘-एथ’च्या जागी ‘-एस’ आला तो उत्तरेकडूनच, दहाव्या शतकातल्या तिकडच्या हस्तलिखितांत तो दिसतो. लंडनपर्यंत पोचायला त्याला सहाएकशे वर्षं लागली. शेक्सपिअर दोन्ही वापरतो, 1611 सालच्या बायबलच्या भाषांतरात मात्र जुना ‘-एथ’ आहे. ‘तू’ला अरे-तुरे करणारा ‘दाऊ’ मागे पडला, त्याच्याबरोबर ‘-स्ट’ही गेला. सगळी पडझड झाल्यावर मागे उरला तो एकटा एस.

अशी पडझड का होते, याचा आकड्यांनी शोध घ्यायचा प्रयत्न गॅरी ल्युप्यान आणि रिक डेल यांनी 2010 साली केला. दोन हजारांहून अधिक भाषांची माहिती त्यांनी पडताळली. जी भाषा पुष्कळ माणसं, पुष्कळ मुलखांत, परकी म्हणून शिकून बोलतात, तिचे प्रत्यय सरासरीने कमी असतात असं त्यांना दिसलं. डोंगरातल्या हजार माणसांची आर्ची पंधरा लाख रूपं सांभाळू शकते, कारण ती बोलणारा जवळजवळ प्रत्येकजण ती आईच्या कडेवर बसून शिकतो. मोठ्या वयात शिकणाऱ्याला शेपटं पेलत नाहीत, म्हणून ती गळतात. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, मराठी कोट्यवधी लोक बोलतात आणि तरी ‘खाल्लीस’ टिकून आहे. पण इंग्रजीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी बसतो.

आणि आता तो भार कुठे गेला, ते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं खरं अडतं ते इथे. मराठीत ‘तो जातो’चा प्रश्न करायचा तर पुढे ‘का’ लावायचा, नाहीतर नुसता सूर बदलायचा. इंग्रजीत मध्येच ‘डज’ उभा करावा लागतो. तो आला की क्रियापदावरचा एस उडून डजवर जाऊन बसतो. नकाराला पुन्हा तेच. भूतकाळात ‘डिड’ आला की ‘वेंट’ मागे फिरून ‘गो’ होतो. शेक्सपिअरच्या काळी ‘आय नो नॉट’ चालत होतं, पुढच्या शतकाभरात या ‘डू’ने आपलं बस्तान पक्कं केलं. आपल्या मुलांना हे अतोनात परकं वाटतं, कारण मराठीत नकार स्वतःच क्रियापद होऊन चालतो. नाही, नाहीस, नाहीत. नव्हतो, नव्हतीस. नसतो, नसे. नको, नकोस, नका. नये, नयेत. संगमनेरच्याच मातीतले अनंत फंदी (1744–1819) यांचे उपदेशाचे फटके वाचताना ही नकाराची क्रियापदं कशी चाबकासारखी वाजतात ते ऐकावं. इंग्रजीत त्या सगळ्यांसाठी एक ‘नॉट’ आहे, पण त्या एका ‘नॉट’ला उभं राहायला बहुतेक वेळा आधी ‘डज’ किंवा ‘डिड’ला बोलावावं लागतं.

दुसरा भार आहे वेळेच्या बारकाव्याचा. ‘मी त्याला काल भेटलोय’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘हॅव’ घातला की ‘काल’ चालत नाही, आणि ‘काल’ घातला की ‘हॅव’ चालत नाही. नियम एका ओळीचा आहे, पण अंगी मुरायला वर्षं जातात. ‘आय ॲम गो’ ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली. मुलाच्या मनात ‘आहे म्हणजे इज-ॲम-आर’ असं समीकरण बसलेलं असतं आणि ‘मी जातो आहे’मधला ‘आहे’ तो प्रामाणिकपणे इंग्रजीत नेऊन ठेवतो. उलट दिशेनेही पाहा. आपण घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. कोणी हाक मारली की जागचं हलण्याआधी ‘आलेच’ म्हणतो. एसटी स्टँडवर पाय पायरीवर असतानाच फोनवर ‘निघालो बरं का’ सांगतो. वर्तमान आणि भूत अशा रीतीने पुढच्या क्षणासाठी वापरणं आपल्याला साधतं, इंग्रजीत ‘आलेच’चं ‘केम’ करून भागत नाही. दोन्हीकडे गुंतागुंत आहेच. आपली शब्दाच्या पोटात, त्यांची शब्दांच्या मांडणीत.

त्या एसबद्दल आणखी एक गोष्ट मला मुलांच्या वह्यांतूनच कळली. मराठीत ‘मुलगा खेळतो, मुलगे खेळतात’, कर्ता वाढला की क्रियापदही वाढतं, दोघं हातात हात घालून चालतात. इंग्रजीत ‘बॉय प्लेज, बॉइज प्ले’. एस नामावर असला की क्रियापदावर नसतो, नामावरून उतरला की क्रियापदावर चढतो. एकच अक्षर इकडे अनेकवचनाची खूण, तिकडे एकवचनाची. ज्या मुलाला कर्ता आणि क्रियापद जुळवायची उपजत सवय आहे, त्याला हे उलटंच वाटणार. बरं, अडखळणारा तो एकटा नाही. रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकन मुलांचं बोलणं वाढताना टिपून ठेवलं आणि 1973 साली मांडलं. त्यात हा तृतीय पुरुषी एस इतर कितीतरी प्रत्ययांनंतर, उशिरा आला. इंग्लंडातल्या नॉर्विच शहरात तर साधी माणसं हा एस बोलताना पुष्कळदा गाळतात, पीटर ट्रुडगिल यांनी ते सविस्तर नोंदवलंय. ‘ही गो’ म्हणणारे अस्सल इंग्रज आहेत, हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

अनियमित क्रियापदांचा बाऊ मात्र उगाच केला जातो. ती पाठ करावी लागतात हे खरं, पण ती आलीत कुठून हे सांगितलं तर पाठ करणं हलकं होतं. 2007 साली नेचर या नियतकालिकात हार्वर्डच्या एका गटाने असा हिशेब मांडला, की जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी निवडली, त्यांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत 145 अनियमित उरली आणि आज 98. जे क्रियापद जितकं कमी वापरात, तितकं ते लवकर सरळ झालं. ‘हेल्प’चा भूतकाळ पूर्वी ‘होल्प’ होता, तो ‘हेल्प्ड’ झाला. ‘गो’, ‘सी’, ‘टेक’ मात्र तोंडात इतके बसलेत, की हटायला तयार नाहीत.

मराठीत तरी वेगळं काय आहे? ‘बस’चं ‘बसला’, पण ‘जा’चं ‘गेला’, ‘ये’चं ‘आला’, ‘कर’चं ‘केला’, ‘हो’चं ‘झाला’, ‘मर’चं ‘मेला’, ‘घे’चं ‘घेतला’, ‘सांग’चं ‘सांगितला’. सगळी रोजच्या वापरातली. ही रूपं वाकडी दिसतात, कारण ती थेट संस्कृत-प्राकृतातून आलीत: गत, आगत, कृत, जात, मृत. आणि इंग्रजीच्या त्या आठ रूपांच्या ‘बी’कडे याच नजरेने पाहिलं, तर फार ओळखीचे चेहरे दिसतात. ‘ॲम’ आणि ‘इज’ म्हणजे अस्मि आणि अस्ति यांचे नातलग. ‘बी’ हा भू धातूचा. आणि ‘वॉज’ आहे वस् धातूचा, ज्यापासून आपलं ‘वसणे’ आणि ‘वस्ती’ आली. तीन वेगळ्या धातूंचे तुकडे जोडून इंग्रजीने एक ‘असणे’ केलं. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपण पड-पाड, मर-मार, चर-चार असा स्वर बदलून प्रयोजक करतो, तसंच काहीतरी इंग्रजीतही एके काळी चालत होतं, त्याचे हे अवशेष. शाळेत ‘फेल’ आणि ‘फेल्ड’ यांचा घोटाळा होतो तिथे ‘पडला’ आणि ‘पाडला’ एवढं सांगितलं की मुलं पुन्हा चुकत नाहीत.

आता ‘खाल्लीस’कडे वळू, कारण ते कसं घडलं ते प्रवरेच्या काठाशी जोडलेलं आहे. संगमनेरवरून वाहत गेलेली प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे शके 1212, म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्या काळच्या मराठीत ‘करी’, ‘म्हणे’ ही साध्या वर्तमानकाळाची रूपं होती. करोति, भणति यांतला ‘ति’ झिजून ती झालेली. नंतर मराठीने वर्तमानकाळासाठी ‘करतो, म्हणतो’ ही नवी घडण आणली आणि जुनी रूपं टाकून न देता दुसऱ्या कामाला लावली. ‘आजी पहाटे उठे, दळण दळी’ हा आजचा रीतिभूतकाळ म्हणजे तो जुना वर्तमानकाळ. ‘म्हणे’ने तर आणखी वेगळी वाट धरली. ‘तो म्हणे पुण्याला गेला’ यात ‘म्हणे’ म्हणणारा कोणीच नाही, बातमी ऐकीव आहे एवढंच ते सांगतं. तुर्की भाषेत डोळ्यांदेखत आला तर ‘गेल्दी’ आणि आल्याचं नुसतं कळलं तर ‘गेल्मिश’, असा भेद प्रत्ययानेच करतात. आपण तेच काम आठशे वर्षांपूर्वीच्या एका क्रियापदाकडून करून घेतो.

भूतकाळाचं असं झालं, की संस्कृतातलं जुनं भूतकाळी क्रियापद बोलण्यातून गेलं आणि ‘मया पत्रं लिखितम्’ ही रचना वर आली. माझ्याकडून पत्र लिहिलं गेलं, म्हणजे विशेषण पत्राचं. त्याचंच ‘म्यां पत्र लिहिलें’ झालं. म्हणून आजही ‘मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले’, खाणारा मी असलो तरी क्रियापद पोळीचं आणि आंब्यांचं ऐकतं. तालुक्यातली म्हातारी माणसं अजून ‘म्या केलं’ म्हणतात. शहरी माणूस त्याला गावंढळ समजतो, पण ‘मी आलो’ आणि ‘म्या केलं’ असा फरक सांभाळणारी ती माणसं ज्ञानेश्वरांच्या मराठीशी अधिक इमानी आहेत. याच मराठीत ‘-इजे’ लावून कर्मणी रूप होई. ‘म्हणिजे’, म्हटलं जातं, त्याचं ‘म्हणजे’ झालं. ‘पाहिजे’ म्हणजे पाहिलं जावं, ज्याची वाट पाहावी, जे हवं. आज आपण दिवसातून शंभरदा ‘पाहिजे’ म्हणतो आणि ‘दोन वह्या पाहिजेत’ म्हणताना त्याचं अनेकवचनही करतो. एका मेलेल्या प्रयोगाचा असा जिवंत तुकडा जिभेवर घेऊन आपण हिंडतो, आणि हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सांगायला माणसं नव्हती असं नाही. विल्यम केरीने 1805 साली श्रीरामपूरला (बंगालातल्या, आपल्या जिल्ह्यातल्या नव्हे) मराठीचं व्याकरण छापलं. 1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण आलं, बरंचसं इंग्रजी व्याकरणाचा साचा पुढे ठेवून लिहिलेलं. कृष्णशास्त्री गोडबोले आले, आणि 1911 साली मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून आधीच्या सगळ्यांची झडती घेतली. फ्रान्सच्या झ्यूल ब्लोकने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला तो 1920 साली छापला गेला, आणि कितीतरी युरोपीय अभ्यासकांनी भारतीय भाषांचा इतिहास त्यावरून गिरवला. शिवाय जुन्या पिढीच्या हातात तर्खडकर भाषांतर पाठमाला होती. इकडे मराठी वाक्य, तिकडे इंग्रजी, पुन्हा उलट. ती पद्धत आज जुनाट म्हणून हसण्यावारी नेली जाते. मला तिच्यात एक मोठं शहाणपण दिसतं: शिकणाऱ्याच्या तोंडात आधीच एक भाषा आहे, हे ती विसरत नाही. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. आधीच्या पिढ्या पाचवीत ए-बी-सी-डी गिरवायच्या तेव्हा त्यांची मराठी व्याकरणाची थोडीफार ओळख झालेली असे. आता बारा काळांचा तक्ता आधी येतो, आणि ‘कर्मणी’ हा शब्द दोन गुणांच्या प्रश्नापुरता उरतो.

मराठीचंही क्रियापद स्थिर नाही. व्याकरण सांगतं की सकर्मक धातूला ‘करील, मारील’ आणि अकर्मकाला ‘बसेल, पडेल’. आज बहुतेक सगळे ‘करेल’ म्हणतात, मुलं तर ‘करील’ ऐकून चुकलं का विचारतात. ‘होल्प’चं ‘हेल्प्ड’ झालं तसंच हे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर घडतंय. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, आपल्याकडच्या ‘आले, जाते’. कोकणीत वर्तमानकाळात ‘तो वता, ती वता’, लिंगभेद नाहीच, भूतकाळात मात्र आहे.

या सगळ्याची उलटी बाजू मी गेल्या उन्हाळ्यात पाहिली. अमेरिकेत वाढलेली एक आठ वर्षांची नात आजोळी संगमनेरला आली होती. तिकडच्या मराठी शाळेत दर रविवारी जाते, वाचते छान. ती म्हणाली, “आजी, मी पोळी खाल्ले.” मुलगी आहे, ‘आले, गेले’ म्हणते, म्हणून ‘खाल्ले’. तिचा तर्क पक्का होता. आजीने ‘खाल्ली’ म्हणून सुधारलं. मग ती ‘मी दूध प्यायलं’ म्हणाली, तर आजी म्हणाली, “प्यायले म्हण.” पोरगी गोंधळली, आणि गोंधळणारच. खाणे आणि पिणे दोन्ही सकर्मक, पण पिणे, शिकणे, विसरणे ही मोजकी क्रियापदं कर्माचं न ऐकता कर्त्याचं ऐकतात. ‘मी धडा शिकलो, मी नाव विसरले.’ आजीला नियम माहीत नव्हता, फक्त कान माहीत होता. आमच्या शेजारच्या मुलाला एस जसा छळतो, तशी या मुलीला पोळी छळत होती.

त्या दोघांची गाठ माझ्याच ओट्यावर पडली. त्याला मी सांगितलं, “इंग्रजीची अनियमित क्रियापदं तू लिहितोस ना? शेजारी मराठीची लिही, तिला उपयोगी पडतील.” दोघं तासभर वहीवर वाकून बसले. गो-वेंट, जा-गेला. डू-डिड, कर-केला. डाय पुढे त्याने ‘डाइड’ लिहिलं आणि हसून म्हणाला, “इंग्रजीत मरणं सोपंय, मराठीत ‘मेला’ पाठ करावं लागतं.” मग ‘म्हणणे’पाशी अडले. ती म्हणाली, शाळेत ‘म्हणाला’ शिकवलं. तो म्हणाला, पुस्तकात ‘म्हटलं’ पण आहे. स्वयंपाकघरातून त्याच्या आजीचा आवाज आला, “आमी तर ‘म्हणला’च म्हणतो बाबा.” त्याने तिन्ही रूपं एकाखाली एक लिहिली आणि वही माझ्यापुढे केली, यातलं बरोबर कोणतं म्हणून. मी हिरवं पेन घेतलं आणि तिन्हींपुढे खूण केली.